दोघांचा पोकर: ब्लफ कधी मारायचा आणि चिंचोके कधी मागायचे

मे महिन्यात दुपारी बारा ते पाच नागपुरात शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. पारा पंचेचाळीसच्या आसपास, खिडकीत कुलर घरघरतोय, जेवणं आटोपलेली. महालातल्या मामाच्या घरी या वेळेला मेंढीकोट चालायचा. त्याला चार जण लागतात. मामेभाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला, मामीला दुपारची डुलकी लागायला लागली, आणि उरलो मी आणि मामा. दोघांत रमी तरी किती खेळणार? म्हणून मी मामाला पोकर शिकवला. पुढचे दोन उन्हाळे मामाने मला धू धू धुतलं.

हा लेख त्या धुलाईतून निघालाय. ज्यांना तीन पत्ती येते, पोकरचा डाव कसा वाटतात हेही माहीत आहे, पण बेट नेमकी कशासाठी लावायची हे डोक्यात बसलेलं नाही, त्यांच्यासाठी. दोघांच्या पोकरला हेड्स-अप म्हणतात. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मला ती फार उशिरा कळली. नवखा माणूस फसलेल्या ब्लफमुळे, म्हणजे हातात काही नसताना मारलेल्या थापेमुळे, जेवढं हरतो, त्याहून जास्त न मागितल्यामुळे हरतो. हात चांगला असतो, समोरचा द्यायला तयार बसलेला असतो, आणि आपण ‘चेक’ म्हणून (म्हणजे काही न लावता) पानं उघडून मोकळे होतो. फसलेला ब्लफ लक्षात राहतो, कारण मामा खो खो हसतो. न मागितलेल्या चिंचोक्यांवर कोणीच हसत नाही.

हो, चिंचोकेच. पैशांवर खेळू नका. राज्यातला जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा आहे, आणि पोळ्याच्या दिवसांत पत्त्यांच्या अड्ड्यांवर धाडी पडल्याच्या बातम्या आपल्याकडच्या पेपरांत येत असतात. ऑनलाइनचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आहे, मग तो खेळ नशिबाचा असो की डोक्याचा. आमच्याकडे चिंच फोडली की चिंचोके धुऊन बरणीत जातात. दोघांना शंभर-शंभर. हरेल त्याने संध्याकाळी कुलरमध्ये पाणी भरायचं. बारा-पंधरा बादल्या वाहून पाहा, डाव आपोआप गंभीरपणे खेळला जातो.

बसण्याआधी

प्रत्येकाला दोन पानं, मग टेबलावर तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं एक (रिव्हर). सातांतली सर्वात चांगली पाच धरायची. दर टप्प्याला बोली.

तीन पत्ती खेळणारे दोन ठिकाणी हमखास अडखळतात. पहिलं म्हणजे तीन पत्तीत सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, पोकरमध्ये उलटं: कलर सिक्वेन्सला मारतो. मामाने यावरून माझ्याशी अर्धा तास वाद घातला, म्हणून कारण सांगतो. तीन पानांत नुसते कलर १०९६ प्रकारे जमतात आणि नुसते सिक्वेन्स ७२० प्रकारे, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांत सिक्वेन्स १०,२०० प्रकारे आणि कलर ५,१०८ प्रकारे, म्हणजे कलर दुर्मीळ. जे कमी जमतं ते मोठं, इतका साधा हिशेब.

दुसरं अडखळणं बसण्याच्या जागेचं. दोघांच्या खेळात पत्ते वाटणारा, म्हणजे ज्याच्याकडे बटन आहे तो, छोटा ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधीच टाकायचा ठरलेला वाटा, टाकतो (एक चिंचोका) आणि समोरचा मोठा (दोन). फ्लॉपच्या आधी बटनवाला पहिला बोलतो. फ्लॉपनंतर मात्र शेवटपर्यंत तोच मागून बोलतो. मागून बोलायला मिळणं ही या खेळातली सर्वात मोठी सवलत आहे. म्हणून बटन आपल्याकडे असताना निम्म्याहून जास्त हात खेळा: कुठलाही एक्का, कुठलाही राजा, कुठलीही जोडी, शेजारशेजारची पानं. पाच-सहा जणांच्या टेबलावर हा वेडेपणा ठरेल. इथे नाही. न जुळलेल्या दोन पानांना फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरं काही तीनातून साधारण एकदाच मिळतं. समोरच्यालाही तसंच. बहुतेक डावांत दोघांच्याही हातात काही नसतं, आणि कोणीतरी तो पॉट (मध्ये जमलेले चिंचोके) उचलायचा असतो.

पहिला दिवस: फक्त तीन पानं

पहिल्याच दिवशी पूर्ण पोकर मांडू नका. गड्डीतून एक गुलाम, एक राणी, एक राजा काढा. बाकीची पानं बाजूला. दोघांनी एकेक चिंचोका मध्ये टाकायचा, एकेक पान घ्यायचं, तिसरं पालथं ठेवायचं. पहिल्याने चेक म्हणायचं किंवा एक चिंचोका लावायचा. लावला तर दुसऱ्याने भरायचा, नाही तर पान टाकायचं. पहिल्याने चेक केलं तर दुसऱ्यालाही तीच मुभा, आणि त्याने लावला तर पहिल्याने ठरवायचं भरायचं की टाकायचं. दोघांनी चेक केलं तर पानं उघडायची. मोठं पान जिंकतं. संपला खेळ.

हॅरल्ड कून नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९५० मध्ये हा चिमुकला पोकर मांडला आणि तो कसा खेळायचा हे पूर्ण सोडवून दाखवलं. यात ब्लफ आणि व्हॅल्यू बेट (चांगल्या हातावर समोरच्याकडून मागणं) दोन्ही इतके उघडे दिसतात की मी अजूनही कोणाला शिकवायचं झालं तर इथूनच सुरू करतो.

राणीपासून बघा. तुमच्या हातात राणी आहे आणि तुम्ही एक चिंचोका लावला. समोर गुलाम असेल तर तो पान टाकेल. ठीक, पण त्याला तुम्ही तसंही हरवणारच होतात. समोर राजा असेल तर तो आनंदाने भरेल आणि तुमचा आणखी एक चिंचोका जाईल. म्हणजे राणीने बेट लावून कमावण्यासारखं काही नाहीच. हरणारा टाकतो, जिंकणारा भरतो. राणीने गप चेक करावं.

आता गुलाम. पानं उघडली तर गुलाम जन्मात जिंकणार नाही. त्याला एकच रस्ता आहे: समोर राणी असावी आणि तिने घाबरून पान टाकावं. म्हणून ब्लफ मारायचा तो गुलामाने. राजा अर्थातच व्हॅल्यूसाठी लावतो. त्याला हवं असतं की राणीने भरावं.

नवखे नेमकं उलटं करतात. राणीसारखा मधला हात आला की ‘बरा हात आहे, लावून बघू’ म्हणतात आणि गुलामासारखा भिकार हात आला की मान खाली घालून टाकून देतात. मीही सुरुवातीला तेच करायचो. मोठ्या पोकरमध्येही हीच तीन माणसं वेष बदलून येतात. वरचे हात मागतात, तळाचे हात फसवतात, मधले हात गप्प बसून स्वस्तात उघडायची वाट बघतात. एवढं एक मनात रुजलं की बाकीचा लेख नुसता तपशील आहे.

पण गुलाम कितीदा खोटं बोलणार? समजा तुम्ही दुसरे बोलणारे आहात, मामाने राणी घेऊन चेक केलं आणि तुम्ही एक लावला. मध्ये दोन चिंचोके होते, आता तीन झाले. मामाला एक भरून तीन जिंकायची संधी आहे. तुम्ही कधीच ब्लफ मारत नसाल तर मामा राणी दर वेळी टाकेल आणि तुमच्या राजाला दमडी मिळणार नाही. दर गुलामावर मारत असाल तर मामा दर वेळी भरेल. मधला मार्ग असा: राजा आला की नेहमी लावायचं, गुलाम आला की तीनातून एकदा. मग तुमच्या बेटांत तीन खऱ्यांमागे एक खोटी होते. मामा भरत गेला तर तीनदा एकेक गमावतो आणि एकदा तीन मिळवतो. बरोबरी. भरून फायदा नाही, टाकूनही नाही. मामा असा पेचात पडला की कपाळ खाजवतो.

तीनातून एकदा हे मनाने ठरवू नका. मनाला वाटतं आपण वाट्टेल तसं वागतोय, पण समोरच्याला त्यातली सवय दिसते. भिंतीवरच्या घड्याळाकडे सहज नजर टाका. सेकंदकाटा बारा आणि चारच्या मध्ये असेल तर मारायचा ब्लफ, नाही तर नाही. साठातले वीस सेकंद म्हणजे बरोब्बर एक तृतीयांश.

पन्नासेक डाव खेळा, पहिलं बोलण्याची पाळी बदलत. दोघांनी चोख खेळ केला तरी पहिलं बोलणारा सरासरी अठरा डावांत एक चिंचोका हरतो, फक्त आधी बोलावं लागलं म्हणून. बटनाची किंमत का, ते इथे दिसतं.

व्हॅल्यू बेट: मागायला शिका

आता पूर्ण गड्डी घ्या. एक डाव सावकाश बघू.

बटन तुमच्याकडे. हातात इस्पिकचा राजा आणि किलवरची दश्शी. तुम्ही पाच केले, मामाने भरले. पॉट दहा. फ्लॉप: बदामचा राजा, किलवरची सत्ती, चौकटची चौकी. मामा चेक. तुम्ही पाच लावले, त्याने भरले, पॉट वीस. टर्न इस्पिकची दुर्री. मामा चेक, तुम्ही दहा, त्याने भरले. पॉट चाळीस. रिव्हर बदामची नव्वी. मामा पुन्हा चेक.

इथे नवख्याच्या पोटात गोळा येतो. ‘त्याने दोनदा भरलं म्हणजे काहीतरी असणार. राजाची जोडी आहे, जिंकलो तर जिंकलो, कशाला उगाच?’ आणि चेक करतो. मामा किलवरचा राजा आणि छक्की दाखवतो, तुम्ही चाळीस ओढता आणि खूश होता. वीस तिथेच पडून राहिले.

भीतीऐवजी मोजदाद करा. कोणत्या वाईट हातांनी मामा भरेल, कोणत्या चांगल्या हातांनी? राजे चार: एक तुमच्याकडे, एक टेबलावर, उरले दोन. मामाकडे राजा-राणी असायचे आठ प्रकार (दोन राजे गुणिले चार राण्या), राजा-गुलाम आठ. राजा-नव्वीच्या दोन जोड्या सहा प्रकारे, कारण एक नव्वी टेबलावर पडली. तुम्हाला मारणारे झाले बावीस. राजा-एक्का असता तर मामाने फ्लॉपच्या आधीच वाढवलं असतं, आणि राजा-सत्ती, राजा-चौकी, राजा-दुर्रीने आधीच रेझ केली (माझी बेट वाढवली) असती. आता तुमच्याहून वाईट: राजा-अठ्ठी, राजा-छक्की, राजा-पंजी, राजा-तिर्री, प्रत्येकी आठ. बत्तीस. दोघांच्या खेळात राजा-तिर्रीसुद्धा खेळली जाते, हे विसरू नका.

बत्तीस विरुद्ध बावीस. वीस लावले आणि तो फक्त राजांनीच भरत असेल, तरी दर चौपन्न वेळा तुम्ही बत्तीसदा वीस कमावता आणि बावीसदा वीस घालवता. मामा सत्तीच्या जोडीनेही भरतो. ती सगळी वरकमाई.

नियम असा: रिव्हरवर मागून बोलताना, समोरचा भरेल त्या हातांपैकी निम्म्याहून जास्त हात तुमच्याखाली असतील तर लावायचं. ‘मी जिंकतोय का’ हा प्रश्नच नाही. ‘तो भरेल तेव्हा मी जिंकतोय का’ हा प्रश्न आहे. राजाऐवजी हातात एक सत्ती असती, म्हणजे टेबलावरच्या सत्तीशी नुसती जोडी, तर चेकमध्येही तुम्ही बऱ्याचदा जिंकला असतात, पण बेट लावली तर भरणारे बहुतेक राजे निघाले असते. म्हणजे सत्ती ही आपली राणी.

आणि उलटा प्रसंग: तुम्ही वीस लावले आणि मामाने एकदम साठ केले. टाका. नवखे खेळाडू रिव्हरवर खोटी रेझ जवळपास करतच नाहीत. इथे शूरपणा दाखवणाऱ्यांच्या नशिबी बादल्या येतात.

मोठा हात आला की सापळा लावायचा मोहही आवरा. एक्क्यांची जोडी घेऊन पहिल्यापासून चेक करत बसणं मला पूर्वी फार हुशारीचं वाटायचं. मामाला फुकटात पानं दिसायची, तो दोन जोड्या जमवायचा, आणि वर म्हणायचा, “एवढा गप काहून बसला बे?”

ब्लफ: गोष्ट जुळली पाहिजे

ब्लफ म्हणजे डोळे वटारून चिंचोके ढकलणं नव्हे. पहिल्या बोलीपासून तुम्ही एक गोष्ट सांगत आलेले असता. शेवटची बेट त्या गोष्टीत बसली पाहिजे.

बटन तुमच्याकडे, हातात चौकटचे गुलाम आणि दश्शी. पाच केले, भरले, पॉट दहा. फ्लॉप: इस्पिकची नव्वी, इस्पिकची अठ्ठी, बदामची तिर्री. राणी किंवा सत्ती आली तर तुमचा सिक्वेन्स. आठ पानं मदतीची, त्यांना आउट्स म्हणतात. फ्लॉपवर आउट्स गुणिले चार करा, टर्नवर गुणिले दोन, म्हणजे टक्केवारी साधारण मिळते: इथे ३२, नेमकी ३१.५. मामा चेक, तुम्ही पाच. आत्ता हात रिकामा आहे, पण त्याने टाकलं तर छान, भरलं तरी तीनातून जवळजवळ एकदा सिक्वेन्स लागणार. याला सेमी-ब्लफ म्हणतात, आणि नवख्याने ब्लफची सुरुवात इथूनच करावी. मामाने भरले. पॉट वीस.

टर्न बदामचा एक्का. तुम्हाला काही मिळालं नाही, पण पान तुमच्या बाजूचं आहे. फ्लॉपच्या आधी वाढवलं तुम्ही, तेव्हा एक्का तुमच्याकडे असणं पटण्यासारखं. मामा चेक, तुम्ही चौदा, त्याने कुरकुरत भरले. पॉट अठ्ठेचाळीस.

रिव्हर किलवरची दुर्री. सिक्वेन्स नाही, कलर नाही, तुमच्याकडे नुसता गुलाम. मामा चेक. पानं उघडली तर हा डाव गेलाच. म्हणजे हा आपला गुलाम, पानानेही आणि अर्थानेही. तुम्ही बत्तीस लावता.

हा ब्लफ किती वेळा चालायला हवा? बेट भागिले बेट अधिक पॉट: बत्तीस भागिले ऐंशी, चाळीस टक्के. दहातून चारदा मामाने टाकलं तर तुमची बरोबरी, पाचदा टाकलं तर फायदा. म्हणजे ब्लफ दहातून सहा वेळा पकडला जाऊनही तोटा होत नाही. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं, कारण एकदा पकडलं गेलं की माझा धीर पुढचे चार डाव सुटायचा.

याच टेबलावर तुमच्या हातात नव्वी-सत्ती असती तर? नव्वीची जोडी. मामाकडे अठ्ठीची जोडी किंवा फसलेला कलर असेल तर चेक करूनच जिंकता. तिथे ब्लफ मारू नका.

दुसरी बारीक गोष्ट, जी पहिल्या महिन्यात विसरलात तरी चालेल. तुमच्याकडे गुलाम आणि दश्शी आहेत, म्हणून मामाकडे गुलाम-नव्वी किंवा दश्शी-नव्वी असण्याची शक्यता थोडी घटते. हे भरणारे हात. आणि तुमच्याकडे इस्पिक नाही, म्हणजे मामाकडे इस्पिकचा फसलेला कलर असू शकतो. हा टाकणारा हात. दोन्ही तुमच्या पथ्यावर. याउलट तुमचाच इस्पिकचा कलर फसला असेल, तर जी पानं घेऊन मामाने टाकलं असतं ती तुमच्याच हातात अडकलेली असतात. फसलेल्या कलरपेक्षा फसलेला सिक्वेन्स ब्लफला बरा, तो यामुळे.

ज्या गोष्टी जुळत नाहीत त्या ओळखा. फ्लॉपवर चेक, टर्नवर चेक, आणि रिव्हरवर एकदम पॉटएवढी बेट. कोणता हात असा खेळतो? मामा म्हणतो तसं, “आतापर्यंत झोपून होता, आता काहून ओरडून राहिला?”

किती लावायचे, आणि मामीने काय पाहिलं

बेटेच्या आकारावर खऱ्या-खोट्याचं प्रमाण ठरतं. अर्धा पॉट लावत असाल तर तीन खऱ्यांमागे एक खोटी. तीन पानांच्या खेळातलं प्रमाण हेच, कारण तिथे दोनच्या पॉटमध्ये एक लागतो. दोन तृतीयांश लावत असाल तर पाच खऱ्यांमागे दोन. पूर्ण पॉट लावत असाल तर दोनामागे एक. बेट जितकी मोठी, समोरच्याला भरणं तितकं महाग, आणि तितकी जास्त खोटी त्यात खपतात. वरच्या डावात मामाला बत्तीस भरून ऐंशी मिळवायचे होते. सातातून दोनदा तुम्हाला पकडलं की त्याची भरपाई झाली.

हिशेब सोपा, हात साधणं कठीण. दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा मामी डुलकी सोडून शेजारी बसली, संत्र्याची साल सोलत. चार-पाच डाव बघितले आणि मला म्हणाली, “तुला सांगू का? खरं असलं की तू चिंचोके मोजून मोजून ठेवतो. खोटं असलं की असे ढकलून देतो.” मामा मिश्किलपणे छताकडे बघत होता. म्हणजे त्याला हे कधीपासूनच माहीत होतं.

त्या दिवसापासून मी तीन गोष्टी पाळतो. बेट कोणतीही असो, चिंचोके पाच-पाचच्या ढिगांत मोजूनच पुढे सरकवायचे. बोलण्याआधी मनात पाच आकडे म्हणायचे, हात उघड सोपा असला तरी. आणि एका प्रकारच्या टेबलावर एकच माप: खरा हात असो की खोटा, तेवढेच. मोठ्या हाताला मोठी बेट आणि ब्लफला ‘पकडलं तर थोडक्यात जाऊ दे’ म्हणून छोटी बेट, ही नवख्यांची सर्वात महागडी कंजुषी आहे.

समोरच्याचा चेहरा वाचायच्या भानगडीत मात्र फार पडू नका. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला लिब्रेटस नावाच्या संगणक प्रोग्रामने हेड्स-अप पोकरच्या चार अव्वल खेळाडूंना हरवलं. वीस दिवस, १,२०,००० डाव. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या या प्रोग्रामला ना चेहरा दिसत होता ना स्वतःचा चेहरा होता. त्याच्याकडे होतं ते खऱ्या-खोट्याचं प्रमाण, आणि ते न चुकता पाळायची ताकद.

समोर कोण बसलंय?

वरची सगळी प्रमाणं अशा माणसासाठी, जो तुमचा खेळ वाचू शकतो. घरात असे फार थोडे.

माझ्या मामाला पोकरच्या भाषेत कॉलिंग स्टेशन म्हणतात. त्याला समोरची पानं बघितल्याशिवाय राहवत नाही. “पाहू दे ना बे, काय हाय तुयाजवळ” म्हणत तो तिर्रीच्या जोडीवर तीस चिंचोके भरतो. पहिले दोन उन्हाळे मी त्याला ब्लफ मारत राहिलो, आणि त्यामुळेही बादल्या वाहत राहिलो. वर जो चाळीस टक्क्यांचा हिशेब मांडला, तो मामासमोर कधीच जुळत नाही. तो दहातून दोनदाही टाकत नाही. अशा माणसासमोर ब्लफ शून्य. गुलाम आला तर गप चेक करा, डाव सोडा. पण त्याच हिशेबाने व्हॅल्यू वाढवा: जिथे अर्धा पॉट लावला असता तिथे पाऊण लावा, आणि जो हात इतरांसमोर चेक केला असता तोही लावा. फ्लॉपवरच्या मधल्या जोडीनेसुद्धा मामाकडून मागता येतं. तो त्याहून वाईट हातांनी भरतो.

मामी उलट. तिला नुकसान सोसत नाही. पक्का हात नसेल तर टर्नला ती पानं खाली ठेवते आणि चहा टाकायला उठते. तिच्यासमोर फ्लॉपवर आणि टर्नवर छोट्या बेटा वारंवार लावा. पॉटच्या एक तृतीयांश बेटेला चारातून एकदाच टाकलं तरी बरोबरी होते, मामी निम्म्या वेळा टाकते. मात्र तिने दोनदा भरलं की थांबा. मामीने दोनदा भरलंय म्हणजे तिच्याकडे आहे.

कोण कुठल्या जातीचा हे पहिल्या वीस डावांत कळतं, बघितलं तर. दर वेळी पानं उघडली की एकच नोंद ठेवा: या माणसाने कोणत्या हातावर भरलं. कागदावर लिहायची गरज नाही, पण मी लिहायचो. वहीचं पहिलं पान अजून आहे. त्यावर लिहिलंय: ‘मामा – नव्वीची जोडी, रिव्हर, २५ भरले. मामा – चौकीची जोडी, रिव्हर, ३० भरले. मामा – नुसता एक्का, २० भरले.’ आणि त्याखाली माझेच अक्षर: ‘तरी ब्लफ मारला. का?’

लोक बदलतात हेही धरून चला. तिसऱ्या उन्हाळ्यात मी मामासमोर ब्लफ बंद केले आणि नुसतं मागत सुटलो. दोन आठवडे बादल्या मामाने भरल्या. मग त्याने पानं टाकायला सुरुवात केली. ‘पोट्टा आजकाल खोटं बोलतच नाही,’ असं तो मामीला सांगताना मी ऐकलं. त्या दिवसापासून मी पुन्हा गुलामाला थोडं बोलू द्यायला लागलो. आधी घड्याळावर तीनातून एकदा, मग मामा कसा वागतो ते बघून.

पहिला आठवडा असा घालवा

पहिले दोन दिवस तीन पानांचाच खेळ. कंटाळा येईल, येऊ द्या. तिसऱ्या दिवशी पूर्ण गड्डी, पण ब्लफ पूर्ण बंद; रिव्हरला दर वेळी विचारा की कोणता वाईट हात भरेल, आणि एकाचंही नाव सुचलं नाही तर चेक. पाचव्या दिवसापासून फक्त सेमी-ब्लफ, म्हणजे आउट्स असतील तरच. रिव्हरचा कोरडा ब्लफ सातव्या दिवशी, तोही एका बैठकीत दोनदाच, आणि त्याआधी गोष्ट पहिल्या बोलीपासून मनात म्हणून बघा.

शेवटचे पाच-सहा डाव पानं उघडी ठेवून पुन्हा खेळा, दोघांनी मिळून, कुठे मागायचं राहिलं ते शोधत. आमच्याकडे हे काम साडेचारला होतं. पाच वाजता मामी कुलरच्या टाकीत डोकावते आणि विचारते, “आज कोन भरून राहिलं पाणी?”